हरकतीची मुदत

बेकरीचा ट्रेडमार्क म्हणून मुलांनी आपलाच चेहरा निवडलाय, या आनंदात आप्पांचे पाय जमिनीला लागत नव्हते. नियमाप्रमाणे तो ट्रेडमार्क सरकारी पत्रिकेत जाहीर झाला. कुणाची हरकत असल्यास चार महिन्यांत कळवायची होती. आप्पांनी चष्मा पुसून पाहिलं, तर फोटोखाली ओळ: ‘दिवंगत आप्पांच्या आठवणीत’.

“अरे नालायकांनो, मी धडधडीत जिवंत आहे!”

“गेलेल्या माणसावर गिऱ्हाइकाचा जास्त विश्वास बसतो, आप्पा,” धाकटा बिस्कीट चघळत म्हणाला.

आप्पा संतापले. ते तिथल्या तिथे हरकत लिहायला बसले. थोरल्यानं मायेनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

 

“कशाला त्रास करून घेता? निकाल लागायला पाच-सहा वर्षं जातात. तोवर ती ओळ खरी होईलच की.”