आठ माणसांचं वाद्य

पियानो दारात अडकला. आठ माणसांनी तो टेम्पोतून उतरवला, अंगणातून रेटत आणला, आणि चौकटीपाशी येऊन सगळे हाशहुश करत उभे राहिले. वीतभर जागा कमी पडत होती.

"चौकट काढा," करुणा म्हणाली.

गवंड्यानं मच्छिंद्रआबांकडे पाहिलं. घर त्यांचं होतं. पण आबा सकाळपासून ओट्यावर पाठ फिरवून बसलेले. लेकीशी बोलत नव्हते आणि त्या काळ्या धुडाकडे बघतही नव्हते. वरवंडात नवा ट्रॅक्टर आला तरी माणसं गोळा होतात, हा तर पियानो. अख्खी वस्ती अंगणात जमली होती.

"काढा म्हणलं ना," करुणानं परत सांगितलं. गवंड्यानं पहार घातली.

तिचा थोरला भाऊ महेंद्र कारेगावहून मुद्दाम सुट्टी टाकून आला होता. कंपनीत सुपरवायझर झाल्यापासून त्याला सगळ्यांचे पैसे कुठं गुंतवावेत ते कळत असे.

"अगं, एवढ्यात आमच्याकडं गुंठा आला असता. दोन खोल्या काढल्या असत्या. कंपनीची पोरं भाड्यानं ऱ्हातात. आन् वाजवायचंच व्हतं तर कीबोर्ड घ्यायचा. काखेत मारला की निघालं. लग्नसराईत शिरूरपासून दौंडपर्यंत सुपाऱ्या मिळाल्या असत्या. ह्यो रेडा घिऊन काय करायचंय?"

"ही लांबच्या मुदतीची गुंतवणूक हाय, दादा."

"किती लांबच्या?"

"मला न्हाई तर माझ्यामागं कुणाला तरी मिळंल."

करुणा दौंडच्या एका शाळेत संगीत शिकवायची. पियानो तिला शिकवणाऱ्या बाईंचा होता, जर्मन बनावटीचा. बाई कायमच्या मुलीकडे निघाल्या, तेव्हा तो मागणारे पुण्याहून आले होते. असं वाद्य जपलं तर भाव चढतच जातो, असं त्यातले जाणकार सांगत. करुणानं आपली सगळी साठवण मोकळी केली आणि पियानो घेतला.

आबांचं दुखणं पैशाचं नव्हतंच. पैसे तिचे, तिनं उधळावेत नाहीतर पुरावेत. त्यांच्या डोळ्यांसमोर दुसरंच काही होतं. त्यांचा बाप गावातल्या मोठ्या वाड्यावरच्या प्रत्येक लग्नात डफ वाजवायचा. पंगती उठेपर्यंत, बोटं फुटेपर्यंत, बाहेर गोठ्याशेजारी. उरलंसुरलं अन्न वरून पदरात पडायचं. धर्मांतराच्या साली बापानं तो डफ चुलीत घातला आणि घरात सगळ्यांना बजावलं, की इथून पुढं आपल्यातलं कुणी कुणाच्या दारात वाजवणार नाही. तेव्हापासून या घरात वाद्य आलं नव्हतं. महेंद्रनं जत्रेतून आणलेली पिपाणीसुद्धा चुलीतच गेली. करुणानं शाळेत शिकवणं वेगळं, ती नोकरी. पण आज बापाचा शब्द आपल्या हयातीत मोडतोय, असं आबांना वाटत होतं आणि ते आतून तुटत होते.

पियानो आत गेला. गवंड्यानं चौकट पुन्हा बसवली आणि कडेनं सिमेंट भरायला घेतलं. एवढ्यात अंगणात गाडी थांबली.

बापूसाहेब उतरले. माजी सरपंच, वाड्यावरचे. माणूस मोकळा, हसतमुख, पण या घरी कधी आले तर अंगणातूनच बोलून जायचे.

"मच्छिंद्र, नातीचं लगीन हाय. शिरूरला मोठं लॉन्स घेतलंय. ह्यो पियानो तिथं मांडू, करुणा वाजवंल. बिदागी सांगशील तेवढी. तुझा बा काय वाजवायचा रं आमच्या दारात! रक्तातच हाय तुमच्या."

ते कौतुकानंच बोलले, म्हणून जास्त लागलं. महेंद्रचे डोळे मात्र चमकले. गुंतवणूक पहिल्याच दिवशी वसूल होत होती. आबांनी सकाळपासून पहिल्यांदा लेकीकडे पाहिलं. आता सगळं तिच्या एका शब्दावर होतं.

"त्यो आता हालत न्हाई, मामा. चौकट बसवली."

"काढू की परत. माणसं मी धाडतो."

"न्हाई. तुम्हाला ऐकायचं असंल तर आत या. कवाबी या. मी वाजवीन."

गवंड्याची थापी थांबली. बापूसाहेब आधी हसले, मग त्यांना कळलं की पोरगी चेष्टा करत नाही. आबा गुडघ्यावर हात देऊन उठले. आत गेले, खुर्ची उचलली, पियानोसमोर मांडली आणि दाराशी येऊन म्हणाले, "या. सिमेंट वलं हाय, जपून."

एवढ्या लोकांसमोर माघारी फिरायचं तरी कसं? बापूसाहेबांनी वाकून बुटाच्या नाड्या सोडल्या आणि उंबरा ओलांडला. त्यांच्या वाड्यातलं या घरात आलेलं ते पहिलं माणूस.

करुणानं वाजवलं. बापूसाहेब मान डोलवत ऐकत राहिले. आबा भिंतीला टेकून उभे होते, आणि डोळे पुसायचे राहिलेत हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. नंतर चहा झाला. कप खाली ठेवताना बापूसाहेबांना राहवलं नाही.

"वाजवते गोड. पण मी म्हणतो, कीबोर्ड घ्यायचा व्हता. हलका असतो. कुणाच्याबी दारात नेता आला असता."

आबांनी लेकीकडे पाहिलं. ती मघापासून त्यांच्याकडेच बघत होती.

"म्हणूनच तर तिनं घेतला न्हाई, बापूसाहेब," आबा म्हणाले.