मास्तरांचा पुढचा दात

बार्शीच्या बाजारात पहिल्या मजल्यावर शलाकानं दातांचा दवाखाना थाटला, पण जिना चढून कुणी येईना. नवी कोरी खुर्ची पुसायची आणि खिडकीतून भाजीबाजार बघायचा, एवढंच काम उरलं होतं.

एके सकाळी बँडवाले दस्तगीर मास्तर बगलेत ट्रंपेट आणि तोंडावर रुमाल धरून वर आले. स्कूटरवरून पडून त्यांचा पुढचा दात निम्मा तुटला होता.

"सगळी हवा फटीतनं निसटतीय, डॉक्टरीणबाई. संध्याकाळी वरात आहे. सूर नाही लागला तर पोरीकडचे माझीच वरात काढतील!"

शलाकाला हसू आलं, पण तिनं लगेच त्यांना खुर्चीत बसवलं. दात नुसता दिसून भागणार नव्हतं, तो वाजायला हवा होता. तिनं थरावर थर चढवत दात बांधला, घासला, पुन्हा घासला.

"आता वाजवून बघा."

"इथं?"

"इथंच!"

पहिला सूर फुसका निघाला. शलाकानं दाताची कड आणखी जराशी गुळगुळीत केली. मग मात्र असा सूर लागला की खिडकीच्या काचा हादरल्या. मास्तर खुर्चीतच डोळे मिटून वाजवत सुटले.

खाली बाजार थबकला. जिन्यावर पावलं वाजली आणि दारात ही गर्दी झाली.

"लगीन कुणाचं?" पुढं घुसलेल्या भाजीवाल्या आजीनं विचारलं.

"लग्न नाही, आजी. यांचा दात बांधलाय," शलाका म्हणाली.

आजीनं मास्तरांच्या तोंडात नीट डोकावून पाहिलं आणि डोक्यावरची पाटी खाली ठेवली.

"ऊठ रं, मास्तर. आलेच हाय वर, तर माझी बी दाढ बघू दे बाईला."