घडीची खुर्ची

“त्याच आहेत. पैज लाव,” केबिनची प्रमुख, सगळ्यांची मोठी ताई, पडद्याआडून कुजबुजली. “एकट्या. सामान म्हणजे एक पिशवी. मांडीवर वही. आणि बसल्या बसल्या आधी घड्याळ बघितलं!”

चिमणीच्या हातातल्या ट्रेवरचे पेले किणकिणले.

विमान सुटून वीस मिनिटं झाली होती. पुढे तेरा तासांचा लांबच लांब दिवस होता, सूर्याच्या मागे मागे पळणारा, मावळायचं नावच न घेणारा. फर्स्ट क्लासमध्ये आठ सीट, पाच माणसं. त्यातल्या दोन-अ वर या बाई. पन्नाशीच्या पुढच्या, केस घट्ट बांधलेले, पायात करकरीत नवे बूट.

कंपनी अधूनमधून असा गुप्त तपासनीस पाठवते. तो साधा प्रवासी बनून येतो, सगळं टिपून घेतो आणि गुपचूप उतरून जातो. शेरा मागाहून येतो. चिमणीच्या फाइलमध्ये असे दोन शेरे आधीच होते. एकदा सूप गार, एकदा चेहरा त्रासिक. तिसरा आला की नोकरी संपली. ही नोकरी लागली तेव्हा बाबा तिचा गणवेशातला फोटो घेऊन अख्खी इमारत फिरले होते. लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसालासुद्धा त्यांनी सोडलं नव्हतं. त्यांना कुठल्या तोंडाने सांगणार?

“आज माझ्या कार्डाचा कोपरा कापतात बहुतेक,” गळ्यातल्या ओळखपत्राशी चाळा करत ती म्हणाली.

“अभद्र बोलू नकोस!” मोठी ताई खेकसली. “नोकरी गेली तर कार्ड नुसतं जमा करून घेतात. कोपरा कापून घरच्यांना देतात ते माणूस गेल्यावर. जा आता. आणि हस जरा. दात नको दाखवू, हस.”

चिमणी गेली.

तिने गरम टॉवेल चिमट्याने पुढे केला. बाईंनी तो गालाला लावला, क्षणभर डोळे मिटले आणि वहीत पेन्सिलीने बारीकशी खूण केली.

चिमणीने गुडघ्यावर टेकून, डोळ्यांच्या पातळीवर येऊन जेवणाचं विचारलं. खूण. कप ठेवताना त्याचा कान उजवीकडे केला. खूण.

हाताशेजारचं टेबल कसं बाहेर काढायचं तेच बाईंना कळेना. इकडे ओढ, तिकडे दाब. काय नाटक, चिमणी मनात म्हणाली. सगळं ठाऊक असून मुद्दाम! तिने हसतमुखाने टेबल काढून दिलं.

“तू कधी जेवतेस?” बाईंनी अचानक विचारलं.

“तुमचं सगळ्यांचं झालं की, मॅडम.”

“बसून?”

खोटं बोलावं की खरं? “नाही... बहुतेकदा उभ्यानेच.”

बाईंनी पेन्सिल उचलली, पण टेकवली नाही. “हे नव्हतं सांगितलं,” त्या स्वतःशीच पुटपुटल्या.

संपलं. कंपनीची लाज काढली आपण.

मग तिने जीव ओतला. सीटचा पलंग केला, चादरीला एक सुरकुती ठेवली नाही, पांघरूण पायाकडून दुमडलं. खूण, खूण, खूण. बाकीचे प्रवासी खिडक्या बंद करून झोपले, पण बाई पलंगावर ताठ बसून तिला बघत राहिल्या. तिचं येणं, जाणं, वाकणं, सगळं.

उतरायला दोन तास राहिले तेव्हा बाई उठून दाराशी आल्या. तिथे भिंतीला कर्मचाऱ्यांची घडीची खुर्ची असते. त्यांनी तिच्यावर हळूच तळवा ठेवला.

“उतरताना तू इथे बसतेस ना?”

“हो, मॅडम.”

“मी बसू? एकच मिनिट.”

त्यांचा आवाज असा काही होता की चिमणी हो म्हणणारच होती. तेवढ्यात तिला बाईंच्या काखेतली वही दिसली. सापळा! “माफ करा, मॅडम. इथे फक्त आम्हीच बसू शकतो.”

“अगं, कोण बघतंय?”

“तरीही नाही, मॅडम.”

बाई बराच वेळ खुर्चीकडे बघत उभ्या राहिल्या. मग त्यांनी मान हलवली. “शाब्बास. हेच उत्तर द्यायचं असतं.” आणि उभ्या उभ्याच खूण केली.

त्या जागेवर गेल्या आणि मोठ्या ताईने चिमणीला गच्च मिठी मारली. “पास झालीस गं बये!”

विमान उतरलं. दारात चिमणीने बाईंच्या डोळ्यांत बघून निरोप घेतला. बाईंनी शेवटची खूण केली आणि वही तिच्या हातात ठेवली.

“राहू दे तुझ्याकडे. मला पाठ झालीये.” एवढं बोलून त्या निघाल्या, पुन्हा वळल्या. “आणि पोचलीस की घरी फोन कर हं. आधी फोन, मग बाकीचं.”

सगळे उतरून गेले. या वेळी शेरा मागाहून नाही, थेट हातात आला होता; आता त्याचा फोटो काढायचा आणि बाबांना धाडायचा! चिमणी घडीच्या खुर्चीवर धपकन बसली आणि तिने पहिलं पान उघडलं.

वर गोल गोल, घाईच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘फर्स्ट क्लासची परीक्षा. आई, हे रोज माझ्याकडून म्हणून घे. पास झाले की माझ्या पहिल्या फ्लाइटला तू दोन-अ वर!!’ खाली एकतीस मुद्दे. टॉवेल चिमट्याने. कपाचा कान उजवीकडे. प्रत्येकापुढे पेन्सिलीची ताजी खूण. एकोणतिसावा होता: ‘आपल्या खुर्चीवर कुणालाही बसू द्यायचं नाही. आई, तुलासुद्धा नाही!’

तिने पान उलटलं तसं मधून एक ओळखपत्र निसटून तिच्या मांडीवर पडलं. त्याचा कोपरा कापलेला होता.