रजेवरचा कॅप्टन

अठ्ठ्याऐंशी साली कॅप्टन मोरेश्वर रामटेके श्रीलंकेच्या लढाईतून रजेवर ब्रह्मपुरीला आला, तेव्हा त्याच्या खांद्यावर एकही तारा नव्हता. त्याची बायको पंचशीला घाबरलीच.

"तारे कुठी गेले? काढून घेतले काय तुमचे?"

"नाई वं," तो हसला. "लढाईत अफसरनं तारे लावाचे नाई, सलाम घ्याचा नाई, असा हुकूमच हाय. अफसर वळखला की दुश्मन पयले त्यालेच गोळी घालते."

मग खाटेवर ऐसपैस बसून त्यानं फर्मावलं, "पानी आन. टावेल दे. अन् चाय कडक पायजे."

पंचशीला जागची हलली नाही. "पानी रांजनात हाय. घ्या हातानं."

त्या रजेत तिनं त्याला नुसतं राबवलं. विहिरीचं पाणी आणायला लावलं, भांडी घासायला बसवलं. आवाज चढला की ती ऐकूच आलं नाही असं दाखवी. शेजारणी पदराआड हसत. बायको फारच सोकावली, असं त्याला वाटलं. पण रजा थोडी, म्हणून त्यानं निमूट ऐकलं.

निघायच्या दिवशी त्यानं स्वतःच ट्रंक उचलून एसटीत चढवली आणि खिडकीजवळच्या म्हाताऱ्याला नरमाईनं म्हणाला, "बाबा, जरासे सरकता काय?"

खाली उभ्या पंचशीलानं ते ऐकलं आणि डोळ्याला पदर लावला.

"तिथीबी असंच बोलजा," ती म्हणाली. "आता कोनालेच वळखू येनार नाई तुमी."