एक मात्रा

सिस्टर ओर्सिनानं एक मात्रा आधीच सूर उचलला आणि भर मिस्साच्या उपासनेत क्रेदोचं श्रद्धागीत फाटलं.

निम्म्या जणी तिच्यामागे धावल्या, निम्म्या थबकल्या. एकटी म्हातारी सिस्टर जाकोपा आपल्या जागेवरून ढळली नाही, म्हणून तीच वेगळी ऐकू आली. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

मठाचा नेमच होता: गाताना चुकेल तिनं तिथल्या तिथं पुढं येऊन गुडघे टेकायचे. ओर्सिना हलली नाही. गाणाऱ्यांची पुढारीण ती. मठ आजवर श्वासाच्या लांबीनं गात आलेला. हे मोजून गायचं नवं क्रेदो तिनंच हौसेनं फेरारा शहरातून आणलेलं. गुडघे टेकले जाकोपानं, भिंतीला धरत धरत.

मिस्सा संपल्यावर मदर तेओदोरानं दोघींना थांबवून घेतलं.

"जाकोपा, आजपासून तू मागच्या बाकावर. गायचं नाही, नुसतं ऐकायचं."

"पन्नास वर्षं गातेय, मदर."

"म्हणूनच म्हणते, पुरे आता."

जाकोपा जराशी हसली. "चुकलंच असेल माझं. हिचं एक-दोन-तीन म्हणजे कोंबड्यांना दाणे टाकल्यासारखं. मी बापडी वेचेपर्यंत संपतात." मग तिनं ओर्सिनाच्या गालाला हात लावला. "तू का तोंड पाडून उभी, पोरी? तू काय केलंस?"



पुढच्या रविवारी क्रेदो सुरळीत चाललं होतं. पण ओर्सिनाला पाठीमागून टकटक ऐकू येत होती. बाकाच्या लाकडावर जाकोपाचं बोट. गेल्या खेपेला क्रेदो फाटलं होतं ती जागा आली. बोट थांबलं, पुरती एक मात्रा थांबलं, आणि मग पडलं. नेमकं.

देव माणूस झाला, या शब्दांवर सगळा मठ गुडघे टेकतो. सगळ्यांनी टेकले. ओळ सरली, झगे सळसळले, सगळ्या उठल्या.

ओर्सिना उठली नाही. गातही नव्हती. मान खाली, हात फरशीला.

पुढारणीवाचून क्रेदो क्षणभर चाचपडलं. मग पाठीमागच्या बोटाचा ठेका धरून पुढं चालू लागलं.