दुसरी वाटी

बल्गेरियातल्या त्या खेड्यात मृतांच्या स्मरणाचा दिवस होता. दफनभूमीत बायका थडग्यांजवळ उभ्या राहून येणाऱ्याजाणाऱ्यांना शिजवलेले गहू वाटत होत्या. वर पिठीसाखर आणि अक्रोड. "खाऊन बघा," गाडीवाला स्टोयान म्हणाला. "इथे याला कुणी नको म्हणत नाही."

बाकावर बसलेल्या मृदुलाताईंच्या हातात एका म्हातारीने वाटी दिली. दुसरी वाटी तिने बाकाच्या रिकाम्या बाजूला ठेवली.

"मी एकटीच आलेय," मृदुलाताई म्हणाल्या. ही सहल यजमानांनी ठरवली होती. ते मार्चमध्ये वारले.

स्टोयानने म्हातारीला तेवढंच सांगितलं, की बाई एकट्या आहेत. ती बाकाच्या रिकाम्या बाजूकडे पाहत, कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी थांबली. मग हसून काहीतरी बोलली.

स्टोयानचा चेहरा उतरला. "ती म्हणते, यांना आणखी साखर हवीय. पण बायको रागावेल म्हणून मागत नाहीत."

मृदुलाताईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. यजमानांना मधुमेह झाल्यापासून घरातली साखर त्या कुलपात ठेवत होत्या.

शेजारी बघायचा त्यांना धीर झाला नाही.

"घाला म्हणावं," त्या कशाबशा म्हणाल्या. "हवी तेवढी घाला."