लोहकरे, आ कर

"आ करा, गुरुजी. अजून थोडा मोठा."

सावळाराम गुरुजींनी आ केला. छत्तीस वर्षं पोरांना तोंडं मिटायला सांगण्यात गेली, आणि आता जुन्नरच्या दवाखान्यात खुर्चीवर उताणं पडून स्वतःचं उघडायची पाळी आली होती. दारावर 'डॉ. वैजयंती लोहकरे' ही पाटी वाचली तेव्हाच त्यांना परत फिरावंसं वाटलं होतं. पण चार दिवस ठणकणारी दाढ ऐकेना.

तळेघरच्या शाळेत त्यांच्या हाताखाली एक लोहकरे होती. तिचं नाव काही आठवत नव्हतं. गुरुजी हजेरीसुद्धा आडनावानंच घेत.

"मी तळेघरचीच. तुमच्याच शाळेतली," मास्कआडून डॉक्टर म्हणाली. "दाढ चांगलीच किडलीय."

"किडंल कशी? दोन येळा घासतो मी. एक दिवस चुकलो न्हाई."

"घासणाऱ्याचीही किडते. चहा किती होतो?"

रिटायर झाल्यापासून थर्मास उशाशीच असतो, हे गुरुजींनी कबूल केलं.

"तेच ते. दिवसभर घोट घोट गोड चहा. तोंडातले जंतू साखर खातात, आम्ल सोडतात, त्यात दात झिजत जातो. प्यायचा तर एका बैठकीत प्या आणि चूळ भरा. रात्री घासल्यावर पाण्याशिवाय काही नको. काहींच्या तर दाढांच्या खाचाच खोल असतात, कितीही घासलं तरी अन्न अडकतं. त्यांना लहानपणीच दाखवून आणायला हवं. यात लाजण्यासारखं काही नाही, गुरुजी."

गुरुजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या लोहकरेला त्यांनी चारही वर्गांपुढे उभं केलं होतं. "लोहकरे, आ कर," म्हणत पट्टीच्या टोकानं तिचे काळे दात दाखवले होते. "बघा रे, न घासणाऱ्याचं तोंड!" सगळी शाळा खदाखदा हसली होती. "घासते ओ गुरुजी, रोज राखुंडीनं घासते," असं ती रडत सांगत होती. तिला त्यांनी वर खोटारडीही ठरवलं होतं.

डॉक्टरनं दाढेत औषध भरलं आणि खुर्ची सरळ केली. गुरुजींची मान काही वर होईना.

"पोरी, तुला मी खोटारडी म्हनालो व्हतो. लई चुकलो. माफ कर मला." मग जरा थांबून ते म्हणाले, "पन तू ते मनाला लावून घेतलंस, जिद्दीनं दातांचीच डॉक्टर झालीस. सोनं केलंस बघ."

बोलून झाल्यावर त्यांना बरंच हलकं वाटलं.

डॉक्टरनं मास्क खाली ओढला.

"ती मी नव्हते, गुरुजी. ती माझी थोरली बहीण, मंगलताई. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आलीच नाही." तिनं नजर वळवली. "मी तेव्हा पहिलीत होते. सगळ्यांबरोबर मीपण हसले होते."